चार धरणं, दोन शनिवार: खडकवासला ते टेमघर सायकलवरून

पावसाळ्यात पुण्यातल्या वर्तमानपत्रात रोज एक छोटी चौकट येते: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि पुढे साठ्याचे आकडे. आमच्या घरी आई ती मोठ्याने वाचते. चारही भरली की 29.15 टीएमसी, म्हणजे एकोणतीस अब्ज घनफुटांहून थोडं जास्त. इतकी वर्षं ऐकूनही हे पाणी माझ्या डोळ्यांपुढे कधी उभं राहिलं नव्हतं. मग नोव्हेंबरात मी आणि माझ्या भाच्याने ठरवलं, आपल्या नळाला जिथून पाणी येतं तिथपर्यंत सायकलने जायचं. एका दिवसात चारही धरणं करायचा त्याचा हट्ट होता. तो मी मोडून काढला आणि दोन शनिवार ठरवले. तुम्हीही तसंच करा. पानशेत-वरसगाव एका खोऱ्याच्या बाजूला आणि टेमघर दुसऱ्या, मुठेच्या खोऱ्यात. घाईघाईने चारही उरकलीत तर फक्त रस्ता पाहून परत याल.

पहिल्या शनिवारी पहाटे साडेपाचला राजाराम पुलावरून निघालो. सिंहगड रस्ता ओलांडायचा तर हीच वेळ. सातनंतर तिथे बस, टेम्पो आणि गडावर निघालेल्या गाड्या यांच्यात सायकलला जागा उरत नाही. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे लावा, अंगात उठून दिसणारं जाकीट घाला. खडकवासल्याला पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. चौपाटीवरच्या कणसांच्या गाड्या झाकलेल्या होत्या, पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठावर एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, झाडी काळपट दिसत होती.

ही दगडी भिंत मूळची 1879ची. चौघांत हे धरण सर्वांत लहान, जेमतेम 1.97 टीएमसीचं. पण वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेलं पाणी नदीने इथेच येतं आणि इथून शहराकडे जातं. कोठीतलं धान्य डब्यात काढून ठेवावं, तसा हा डबा आहे. एकट्या वरसगावात 12.82 टीएमसी मावतं, पानशेतात 10.65, टेमघरात 3.71. हे आकडे आता मला पाठ आहेत, कारण प्रत्येकासाठी पायांनी मोल मोजलंय.

पुढे सिंहगडाचा फाटा डावीकडे सोडून सरळ गेलं की रस्ता खरा सुरू होतो. खानापूर, सोनापूर, मग कुरण. नवख्याची दमछाक होते ती मोठ्या घाटाने नव्हे, सततच्या चढ-उतारांनी. दोनशे मीटर चढ, लगेच उतार, वळण, पुन्हा चढ. उतारावरचा वेग पुढच्या चढाला वापरता आला पाहिजे, म्हणून गिअर चढ लागायच्या आधी बदला, चढावर नव्हे. माझ्या सायकलला पुढे 50/34 आणि मागे 11-32 दातांची चक्रं आहेत, तेवढी या वाटेला पुरतात. टायर 28 मिलिमीटरचे होते. याहून बारीक टायर इथे आणू नका, गावांजवळ रस्ता उखडलेला असतो आणि गतिरोधक रंगवलेले नसतात.

कुरणच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, पाच मिनिटांत पुन्हा फुस्स! टपरीवरच्या मावशींनी न सांगता बादलीभर पाणी आणून ठेवलं. जुनी ट्यूब बुडवली तर बुडबुडे एकाच जागेवरून येत होते. ट्यूब टायरला लावून ती जागा जुळवली आणि आतून बोट फिरवलं, तरी काही लागेना. मग मावशींनी आपल्या पदराचं टोक टायरच्या आत हळूच ओढत नेलं. सूत अडकलं. तिथे केसाइतकी बारीक तार निघाली, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली. ‘पोरी, आधी काटा काढायचा, मग पट्टी,’ एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिमटा आणि सुती फडक्याचा तुकडा कायम असतो. दोन ट्यूब, ठिगळांची डबी, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप तर हवेतच. खानापूर सोडल्यावर रोड बाईकची ट्यूब मिळेल ही आशा धरू नका.

पानशेतचं धरण मातीचं. नदी आंबी, जलाशयाचं नाव तानाजीसागर. खालून पाहिलं तर भिंत वाटतच नाही, गवत उगवलेली लांबलचक टेकडी वाटते. मी सायकल टेकवून बराच वेळ नुसती उभी राहिले. 1961च्या पावसाळ्यात काम पुरतं झालेलं नसताना धरणात पाणी चढलं, पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव खचत गेला. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. 12 जुलैला सकाळी धरण फुटलं, आणि तो लोंढा न पेलून खालचं खडकवासलाही फुटलं. आई तेव्हा आठ वर्षांची होती, शनिवार पेठेत राहायची. ती अजूनही घरातल्या गोष्टी ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशाच सांगते. लग्नं, बारशी, नोकऱ्या, सगळं. मी तिथून तिला फोन केला. तिने विचारलं, ‘आता भिंत नीट आहे ना गं?’ मी म्हटलं, नीट आहे. मग तिने विचारलं, खाल्लंस का काही.

वरसगावची भिंत तिथून जवळच, दोन-तीन किलोमीटरवर. मोसे नदीवरच्या या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. मोसे खोरं त्यांचं. दोन्ही भिंतींवर जायला बंदी आहे, पहारेकऱ्याशी वाद घालू नका. रस्त्यावरून पाणी पुरेसं दिसतं. आणि पाण्यात उतरू नका, हे मी हात जोडून सांगते. काठ उथळ दिसतो, पण दोन पावलांवर गाळ आणि खोल उतार असतो. पोहणारी माणसंही इथे गेली आहेत.

परतताना दहा वाजून गेले होते आणि समोरून गाड्यांची रांग लागली होती. घरी पोहोचेस्तोवर 76 किलोमीटर झाले. शनिवारी हे हाल, तर रविवारी या वाटेला जाऊच नका. जमलं तर सुट्टी टाकून मधल्या वारी जा.

दुसऱ्या शनिवारी चांदणी चौकातून निघालो. भूगाव, भुकूम, पिरंगुट. हा भाग सांगण्यासारखा नाही, धूळ आणि डंपर. अंधारातच उरकून टाका. पिरंगुटला डावीकडे वळलं की उरवड्यापर्यंत जरा श्वास मिळतो आणि मग मुठा खिंडीचा चढ. सगळ्यात हलका गिअर टाका, बसूनच चढा. खिंडीतून पलीकडे पाहिलं तेव्हा पूर्ण खोरं उघडलं. भात कापलेलं होतं, खाचरांत पेंढ्या उभ्या केल्या होत्या, मधून मुठा नदी. उताराला वळणावर खडी असते. ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नको.

मुठे गावात पोहे खाल्ले, बाटल्या भरल्या. टेमघरपर्यंत पुढे जवळपास सपाट आहे आणि चारही धरणांच्या वाटांतला सर्वांत देखणा तुकडा हाच. चांदणी चौकापासून अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. टेमघरची उंच भिंत समोर आली, की भिंतीतून पाणी झिरपायचं म्हणून झालेल्या दुरुस्त्यांच्या बातम्या आठवतात. वर्तमानपत्रातल्या चौकटीत हे धरण सगळ्यात आधी रिकामं का दाखवलं जायचं, ते आईला आता नीट सांगता येतं.

भाचा इथे थांबायला तयार नव्हता. ‘आत्या, वर जाऊन वरसगावचं पाणी मागच्या बाजूने बघू,’ म्हणाला. त्याचं बरोबर होतं. धरणाच्या कडेने लवासाचा घाट चढला की डोंगरापलीकडे दासव्याला जे पाणी दिसतं, ते मोसे नदीचं, म्हणजे गेल्या शनिवारी ज्याच्या भिंतीखाली उभे होतो त्याच जलाशयाची शेपटी. घाटाला मला सव्वा तास लागला, त्याला पाऊण. नागमोडी वळणांत आतली बाजू फार उभी आहे, रहदारी नसेल तर बाहेरच्या अंगाने घ्या. दासव्यापर्यंत उतरायचं का, हे वरती उभं राहूनच ठरवा. जितकं उतराल तितकं पुन्हा चढायचं असतं. आम्ही उतरलो नाही.

परतीला मुठे गावात एका घरातून दोन किलो आंबेमोहोर घेतला, पाठीवरच्या पिशवीत टाकला. हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा: खिंड या बाजूनेही चढावीच लागते, दुपारच्या उन्हात, पाय थकलेले असताना. एक पूर्ण बाटली आणि गुळाचा खडा तिच्यासाठी राखून ठेवा.