गुळव्या मामांची बेसलाइन

पन्हाळा रस्त्याकडच्या एका गुऱ्हाळावर गेल्या हंगामात मी सेन्सर घेऊन जात होते. पीएचडीचा विषय असा, की अंगावर घालायच्या यंत्रांवरून काम करणाऱ्या माणसाचा ताण ओळखता येतो का. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ पट्टे पुसण्यात आणि मनगटावरच्या यंत्राचं घड्याळ छातीवरच्या यंत्राशी जुळवण्यात जातो. ते जरा सरकलं की ठोक्याला ठोका जुळत नाही, मग सगळी नोंद फुकट.

आमच्याकडे बरेचजण मॉडेल, म्हणजे ताण ओळखणारा संगणकाचा प्रोग्राम, शिकवतात ते 'वेसॅड' या २०१८ च्या डेटासेटवर, म्हणजे नोंदींच्या तयार संचावर. त्यात १५ माणसं, सगळी प्रयोगशाळेत. ताण यावा म्हणून त्यांना लोकांसमोर भाषण करायला आणि तोंडी वजाबाकी करायला लावलं होतं. ते मॉडेल चुलवाणापाशी आणलं की त्याची फजिती बघावी. मनगटावरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी मोजतो, पण माणूस काहिलीतला रस ढवळायला लागला की यंत्र ढवळण्याच्या लयीलाच नाडी समजतं. कातडीची विद्युतवाहकता घामावर अवलंबून असते. मनावर दडपण आलं तरी घाम, चुलवाण पेटलं तरी घाम. मॉडेलच्या हिशेबी तिथं सगळे कायम तणावात! म्हणून मी छातीच्या ईसीजी पट्ट्यावर भरवसा ठेवला आणि लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते पाहायचं ठरवलं. हा फरक आटला की साधारणपणे ताण धरतात. १९९६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी पाच मिनिटांची स्थिर नोंद प्रमाण मानली आहे. आम्ही दहा घेतो. माणूस सावलीत बसलेला, हातात काही नाही, ती त्याची बेसलाइन. दिवसभराचं बाकी सगळं तिच्याशी ताडून पाहायचं.

गुळव्या मामा हा माझा सगळ्यात आवडता सब्जेक्ट. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढायची, बुडबुड्यांचा आकार बघायचा, पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायची, आणि ११८ अंशांच्या आसपास पोचलेली काहील नेमक्या क्षणी उतरवायची. थर्मामीटर नाही. घटकाभर उशीर झाला तर आख्खं आदण करपतं, लवकर उतरवलं तर रवा बसत नाही. त्या क्षणी मामांच्या ठोक्यांचं काय होतं, तेच मला पकडायचं होतं.

त्या दिवशी सॉफ्टवेअरनं सांगितलं, काहील उतरवताना मामा निवांत होते.

आधी हसू आलं. मग कच्चा आलेख उघडला. घोटाळा काहिलीपाशी नव्हताच, बेसलाइनमध्ये होता. सावलीत बसलेल्या मामांचे ठोके नव्वदीच्या वर, ठोक्यांतला फरक जवळजवळ सपाट, आणि हालचाल मोजणारी रेघ अगदी सरळ. तंबाखूनंही असं होतं, पण मामा रोज तंबाखू मळूनच बसायचे आणि एरवीच्या नोंदी अशा नव्हत्या. माझ्या वहीत त्या वेळेपुढं एवढंच लिहिलेलं: 'मालक आले.'

मालक मोटारसायकल लावून सरळ आमच्यापाशी आले होते. मामांच्या छातीवरच्या पट्ट्याकडं बोट करून हसत म्हणाले, "मॅडम, ह्यात कोण काम करतंय आन् कोण टंगळमंगळ करतंय ते कळतंय का ओ?" मी नाही म्हटलं. ते तिथंच उभे राहून ऊसतोडीचं, दराचं बोलत राहिले. मामा एक शब्द बोलले नाहीत. नंतर मी नेहमीप्रमाणं विचारलं, मामा, शून्य ते दहामध्ये ताण किती? "काय ताण न्हाई. शून्य ल्ह्या." मालक अजून चार पावलांवर होते.

गाइड सरांचं म्हणणं सरळ आहे: बेसलाइन खराब आहे, दिवस काढून टाका. अचूकता वाढेल, पेपर जाईल. सर चांगले आहेत, पण गुऱ्हाळावर एकदाही आलेले नाहीत. माझ्या मते हंगामातली सगळ्यात स्वच्छ ताणाची नोंद हीच आहे. घाम नाही, हालचाल नाही, बोलणं नाही. फक्त तिच्यावर लेबल 'विश्रांती' असं आहे. आणि बाकीच्यांच्या 'विश्रांती'त कोण समोर उभं होतं हे आता मला वही घेऊन तपासावं लागतंय. संमतीपत्रावर तीन ठिकाणी सह्या असतात. सही करताना शेजारी कोण होतं, असा रकाना एकाही फॉर्मवर नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी पट्टा बांधून घेतला नाही. "आज नगं मॅडम, खाज उठतीया." गूळ मात्र पानात बांधून दिला.

परवा मालकांचा फोन आला, रिपोर्ट कधी मिळणार म्हणून. कुणाचीही वैयक्तिक माहिती देता येत नाही, असं मी सांगितलं.

"आवो, मग आमचं मानूस तासन्‌तास बसवून ठिवलं, त्येचं काय?"

सरांना मी कळवलंय की तो दिवस काढणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही.