हिस्पॅनिक मतं कुणाच्या खिशात नाहीत

अमेरिकेतल्या निवडणुकीवर बोलताना आपले लोक एकदम सोप्पं गणित मांडतात, रिपब्लिकन पक्षाचा ट्रम्प कागद नसलेल्यांना, म्हणजे परवान्याशिवाय राहणाऱ्यांना, हाकलतो म्हणजे हिस्पॅनिक लोक (मूळचे स्पॅनिश भाषिक देशांतले) विरोधी डेमोक्रॅट्सनाच मत देणार, संपला विषय. पण टेक्सासमधली स्टार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) बघा ना. मेक्सिकोच्या बॉर्डरला चिकटलेली, 95 टक्क्यांहून जास्त हिस्पॅनिक, 2016 ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन तिथे 60 टक्के मतांच्या फरकाने जिंकली आणि 2024 ला तीच काउंटी ट्रम्पकडे! 1892 नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन. त्या भागात कुणी बॉर्डर पॅट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवरच्या पोलिसांत, कुणी तेलाच्या कामावर, त्यांना महागाई आणि नोकरी आधी दिसते, शिवाय मत देतात ते सिटिझन, कागद नसलेले नाही, हे आपण सरळ विसरतो.

उलटं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. 1994 ला तिथले रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सननी प्रपोझिशन 187 हा जनमताला टाकलेला कायदा उचलून धरला, कागद नसलेल्यांच्या पोरांना सरकारी शाळा बंद, इमर्जन्सी सोडून सरकारी दवाखाना बंद. विल्सन निवडून आले, कायदा कोर्टात अडकला, पण ग्रीन कार्डवर निवांत बसलेले कितीतरी लोक धास्तीने सिटिझनशिपच्या मागे लागले आणि मतदार झाले. तिथल्या रिपब्लिकनांना ते पुढे चांगलंच महागात पडलं.

मला तरी वाटतं डेमोक्रॅट्सनी ही मतं गृहीत धरली. 2012 ला ओबामांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर डाका नावाची योजना आणली, लहानपणी आलेल्या पोरांना वर्क परमिट मिळालं, नागरिकत्वाचं मात्र काहीच नाही, आणि मग दर निवडणुकीला तेच आश्वासन. वैतागणार नाही का माणूस?