सात किलोच्या ब्लँकेटखाली झोप लागते का

गेल्या जूनमध्ये बाबा गेले आणि तेव्हापासून माझी झोप बिघडली ती बिघडलीच. अकराला अंथरुणावर पडायचं, साडेबारापर्यंत डोळे टक्क उघडे, कशीबशी लागली की अडीच-तीनला परत जाग, आणि मग पहाटे पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा पों पों ऐकू येईपर्यंत नुसती कूस बदलत राहायचं. दिवसभर ऑफिसात डोकं जड. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर बेंगळुरूची मामेबहीण आलेली ती म्हणाली की अगो तू ते वजनवालं ब्लँकेट वापरून बघ, मला खूप फरक पडला. तर मी ऑक्टोबरात मागवलं, सात किलोचं. आता आठ महिने झाले, बऱ्याच जणींनी विचारलं घेऊ का म्हणून, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

वस्तू साधीच आहे. जाड कापडाचे छोटे छोटे चौकोन शिवलेले आणि प्रत्येकात काचेचे अगदी बारीक मणी भरलेले, साबुदाण्यापेक्षा लहान. चौकोनांमुळे मणी एका बाजूला गोळा होत नाहीत. वजन आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के घ्यावं असं सगळीकडे सांगतात, माझं वजन बासष्ट म्हणजे सहा पुरलं असतं, पण दुकानात पाच नाहीतर सात एवढंच होतं.

पहिल्या रात्री अंगावर घेतलं तेव्हा वाटलं हे काय, हलताच येत नाही. दहाएक मिनिटांनी मात्र खांदे सैल पडले. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की मी झोपताना खांदे कानापर्यंत ओढून धरते. कूस बदलायची म्हटली तर जोर लावावा लागतो, त्यामुळे उगाच चुळबुळ होत नाही, आणि अंग गप्प पडलं की डोक्यातलं चक्रही हळूहळू मंद होतं. रडू आलं मला त्या रात्री, खरं सांगते, कारण बाबांच्या आजारपणापासून कोणी असं घट्ट धरलंच नव्हतं. घरातले सगळे मलाच धरून होते.

पण सकाळी तीनची जाग? ती तशीच आली. पुढचे कित्येक आठवडे तशीच येत राहिली.

म्हणून मग मी याबद्दल जे काय वाचता येईल ते वाचलं. स्वीडनमध्ये 2020 साली एक अभ्यास झाला, 120 लोक, सगळ्यांना निद्रानाश आणि सोबत नैराश्य, बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार), एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार) किंवा चिंतेचा विकार यातलं काहीतरी. अर्ध्यांना धातूच्या साखळ्या भरलेलं सहा ते आठ किलोचं ब्लँकेट, अर्ध्यांना प्लॅस्टिकच्या साखळ्यांचं दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड ब्लँकेटवाल्यांतल्या जवळजवळ 60 टक्के लोकांचा निद्रानाशाचा स्कोर निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरला, हलक्यावाल्यांत फक्त 5 टक्के लोकांचा. फरक मोठा आहे. पण जड काय नि हलकं काय हे अंगावर घेतल्यावर कोणालाही कळतंच ना, गोळीसारखं लपवता येत नाही, आणि स्कोर म्हणजे लोकांनी स्वतःच भरलेली उत्तरं. त्यामुळे मी तो आकडा जरा हात राखूनच धरते.

दुसरा अभ्यास उप्सालाचा, 2022 चा. 26 तरुण, झोपेची काहीच तक्रार नसलेले. वजनाच्या 12 टक्के भाराचं ब्लँकेट घेतलं त्या रात्री लाळेतलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, हलक्या ब्लँकेटच्या रात्रीपेक्षा सुमारे 32 टक्के जास्त वाढलं. पण झोपेचे तास वाढले नाहीत. आणि ऑटिझम असलेल्या 67 मुलांवरचा 2014 चा ब्रिटनमधला अभ्यास आहे त्यात तर मोजणीत झोप काहीच सुधारली नाही, तरी मुलांना आणि आईबापांना जडच ब्लँकेट जास्त आवडलं. हे वाचलं आणि मला माझंच उत्तर मिळालं. आवडतं, अंग शांत होतं, आणि तरीही घड्याळात झोप तेवढीच दिसू शकते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

माझी तीनची जाग ज्याने सुटली ते वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सहालाच उठायचं, रविवारी पण, दुपारी आडवं व्हायचं नाही, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बाहेर बसायचं, डोळे पेंगायला लागले की मगच परत. जुन्या निद्रानाशावर सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलून करायच्या उपचाराची, जी पद्धत पहिली सुचवतात त्यातलाच हा भाग. पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला, नंतर हळूहळू बसलं. ब्लँकेटने मला पडल्यावर लवकर शांत केलं, पण तीनची जाग या शिस्तीने गेली. दोघांचं काम वेगळं आहे आणि पैसे घालण्याआधी आपला त्रास कुठला ते ओळखायला हवं.

आता आपल्या गोव्याचं. डिसेंबर-जानेवारीत फोंड्याला पहाटे गारवा असतो तेव्हा हे ब्लँकेट म्हणजे सुख. मार्च लागला की कठीण. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, हातापायांतून उष्णता बाहेर पडावी लागते, आणि इथे दमट हवेत घामच वाळत नाही, त्यावर सात किलोचं झाकण. मे महिन्यात एसी चोवीसवर ठेवून वापरलं, पण रात्री लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर नुसता पंखा राहिला की पाच मिनिटांत चिंब. शेवटी मी ते फक्त पायांवर घ्यायला लागले, मांडीपासून खाली, आणि गंमत म्हणजे निम्मा आराम तेवढ्यानेही मिळतो.

आणि पावसाळ्यात ते धुवायचं कसं याचा विचार विकणाऱ्या कोणी केलेला नाही. ओलं झालं की उचलवत नाही, मशीनमध्ये घातलं तर मशीनच हादरतं, आणि वाळायला आपल्याकडे ऊन कुठे जुलैत? मी एकदा घरातच दोन खुर्च्यांवर टाकलं, चौथ्या दिवशी बुरशीचा वास. घेणार असाल तर वरचं कव्हर काढता येतं असंच घ्या, आतलं ओलं करूच नका, आणि जूनच्या आधी उन्हं दाखवून ठेवून द्या.

आईने पण मागितलं होतं, मी पण एक रात्र घेऊन बघते म्हणाली. मी नाही दिलं. तिला दमा आहे आणि वय चौऱ्याहत्तर, मनगटात जोर नाही. श्वासाचा त्रास, झोपेत श्वास अडकणं, किंवा स्वतःच्या हाताने ब्लँकेट बाजूला करता न येणं, यातलं काही असेल तर हे नकोच. तान्ह्या बाळांना तर अजिबात नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये वजनवाली पांघरुणं बाळांना वापरू नका असं सरळ म्हटलंय.

आई रुसली थोडी. मग माळ्यावरून आजीची वाकळ काढली, वाळपईची, सात-आठ जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. मी ती हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, साडेतीन किलो भरली. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याखाली झोपायचो आणि आजी कडा पायांखाली घट्ट खोचून द्यायची. डॉक्टरांना विचारून आता ती दुहेरी घडी करून आईच्या गुडघ्याखाली पायांवर ठेवते, पायाने सहज ढकलता येते. बाकी छाती पोट मोकळं. आई म्हणते, "पाय जाग्यावर राहतात गो."

मामेबहिणीच्या मैत्रिणीने कालच परत विचारलं, घेऊ का. तिला म्हटलं घरात जुनी गोधडी असेल तर आधी पंधरा दिवस ती पायांवर घेऊन बघ, पडल्यावर अंग निवांत होतंय वाटलं तरच पैसे घाल, आणि एवढ्यात नको, ऑक्टोबर येऊ दे.