‘निय’पाशी तुटलेला पत्ता

“गुगलचं अपडेट आलंय, थोडं थांबा,” असं सांगून नवीन साइट बनवणाऱ्या एजन्सीने आप्पांना महिनाभर थोपवून धरलं होतं. साइट गुगलवर खाली घसरली की वेबसाइट गुगलवर दिसत्या ठेवण्याच्या आमच्या धंद्यात हे वाक्य सर्रास वापरलं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. गुगल आपल्या मोठ्या अपडेटच्या तारखा स्वतः जाहीर करतं. त्या तारखा आणि आपल्या साइटवर येणाऱ्या वाचकांचा आलेख शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात.

आप्पांची रावेर तालुक्यात टिश्यू कल्चर केळीच्या रोपांची नर्सरी आहे, ग्रँड नैन जातीची. आपल्याकडे लागवड दोन हंगामांत होते, जून-जुलैत मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदेबाग. रोपं आधीच बुक करावी लागतात. आप्पा माझ्याकडे आले तेव्हा कांदेबागेच्या बुकिंगचे दिवस होते. “ताई, फोनच वाजत नाही. मागच्या साली या दिवसांत लोकं मला धड जेवू देत नव्हते.”

त्यांच्या जुन्या साइटवर जाहिरात कमी आणि लेख जास्त. करपा आणि हरण्या हे केळीवरचे रोग, ठिबकमधून द्यायची खतं, उन्हाळ्यातल्या वाऱ्यापासून बाग वाचवायला कडेने लावायची शेवरी. सगळं आप्पांनी सांगितलेलं, मुलाने टाइप केलेलं. शेतकरी मराठीत शोधायचा, लेख वाचायचा आणि खालच्या नंबरावर फोन लावायचा. नवीन साइटवर लेख जवळपास सगळे होते, फोटो तर आधीपेक्षा झकास. बदलले होते फक्त लेखांचे पत्ते, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या लिंका. मराठी पत्ते एसईओला, म्हणजे गुगलवर वर दिसायला, चालत नाहीत म्हणून एजन्सीने ते रोमन लिपीत केले होते. हे धादांत चूक आहे. पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा, असं गुगलच्या मार्गदर्शनातच लिहिलंय.

सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात सोळा महिन्यांची आकडेवारी मिळते. केळीचा शोध हंगामी असतो, त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी केली. घसरण नवीन साइट चढवली त्याच आठवड्यात सुरू झाली होती, आणि जुने पत्ते ‘सॉफ्ट ४०४’च्या, म्हणजे काहीतरी उघडतं पण गुगल ‘पान नाही’ असंच धरतं अशा पत्त्यांच्या, यादीत जाऊन बसले होते.

जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की साइटचं मुखपृष्ठ उघडत होतं. एजन्सीला त्यामुळेच सगळं चालतंय असं वाटत होतं. खरं तर सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधली, जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी एकही ओळ लागू होत नव्हती, आणि शेवटी एक सरसकट नियम होता: पान सापडलं नाही तर मुखपृष्ठावर पाठवा. करप्याचं औषध शोधणाऱ्या माणसाला नर्सरीचं स्वागत दाखवायचं. गुगल अशा पाठवणीला ‘पान नाही’ असंच धरतं, आणि ते बरोबर आहे.

ओळी लागू का होत नव्हत्या, ते नीट सांगते, कारण मराठी साइटवाल्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं. मराठी पत्ता कॉपी केला की त्याची टक्क्यांची (% या चिन्हाची) माळ होते. ‘क’ या एका अक्षराचं टक्का ई-शून्य, टक्का ए-चार, टक्का नऊ-पाच होतं. एका अक्षराला नऊ चिन्हं. मात्रा वेगळी मोजतात, म्हणून ‘केळी’ला छत्तीस. एजन्सीने ही माळ जशीच्या तशी नियमांच्या फाइलमध्ये डावीकडे चिकटवली होती. पण साइट ज्यावर चालते तो अपाची सर्व्हर आलेला पत्ता आधी उलगडून पुन्हा मराठी अक्षरांत आणतो आणि मग नियमाशी ताडून बघतो. एका बाजूला टक्के, दुसऱ्या बाजूला अक्षरं. ते कधीच जुळणार नव्हतं.

डावी बाजू देवनागरीत लिहिली, फाइल यूटीएफ-८ या देवनागरी सांभाळणाऱ्या पद्धतीत सेव्ह केली आणि एकेक पत्ता कर्ल या तपासणीच्या साधनाने बघितला. छोट्या नावांचे लेख लगेच लागले. लांब नावांचे हटून बसले.

मग मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी कोणतं पान मागितलं त्याची नोंद, काढला. गुगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम म्हणजे गुगलबॉट; तसं म्हणवणाऱ्यांचे आयपी पत्ते उलटे तपासून खरा गुगलबॉट वेगळा केला, आणि तो नेमका काय मागतोय ते वाचलं. तो मागत होता ‘केळीवरील-करपा-रोगाचे-निय’. पुढे काहीच नाही. ‘निय’.

जुनी साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर होती. तिथे लेखाच्या पत्त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा असते. इंग्रजीत तेवढ्यात अख्खं वाक्य मावतं, मराठीत बावीस अक्षर-मात्रा. ‘केळीवरील’ला बहात्तर, ‘करपा’ला छत्तीस, ‘रोगाचे’ला चोपन्न, मधल्या आडव्या रेघा तीन. झाले एकशे पासष्ट. ‘निय’ची सत्तावीस धरून एकशे ब्याण्णव. पुढचा अनुस्वार घेतला तर दोनशे एक होतात, म्हणून वर्डप्रेस तिथेच थांबलं. लेखाचं नाव होतं ‘केळीवरील करपा रोगाचे नियंत्रण’. आप्पांचा दुसरा लेख होता ‘केळीवरील करपा रोगाचे नियोजन’. तोही ‘निय’पाशीच तुटला, आणि दोन पत्ते सारखे नकोत म्हणून त्याला शेवटी दोनचा आकडा लागला. एजन्सीने जुने पत्ते साइटवरून उचललेच नव्हते. लेखांची नावं एक्सेलमध्ये घेऊन त्यावरून तयार केले होते. जगात कधीच नसलेल्या पत्त्यांची ती यादी होती.

जुन्या होस्टिंगची मुदत संपायला थोडे दिवस होते, म्हणून निभावलं. डेटाबेसमधून खरे पत्ते काढले आणि प्रत्येक लेख समोर ठेवून जोडी लावली. ‘निय’ नियंत्रणाकडे, ‘निय’ आणि दोन नियोजनाकडे. रोगट पानं कापून बागेबाहेर नेऊन जाळायची माहिती नियोजनाच्या लेखात होती, आणि बाहेरून सगळ्यात जास्त लिंका त्यालाच होत्या. नव्या साइटवर चढवताना तोच गाळला होता, ‘डुप्लिकेट वाटला’ म्हणून. वाचला असता तर वाटला नसता. तो परत टाकला, सरसकट नियम काढला आणि जे खरंच नाही तिथे सरळ ४०४, म्हणजे ‘पान नाही’ असं उत्तर, दिलं.

आप्पांना हे समजावताना मी टक्क्यांपासून सुरुवात केली होती. त्यांनी मध्येच थांबवलं. “म्हंजे गट नंबर बदलला आन् फेरफारच नोंदवला नाही, आसंच ना?” तसंच.

हरण्याचा लेख आधी वर आला, करप्याचे बरेच उशिरा. तोवर कांदेबागेची बुकिंग दुसऱ्या नर्सऱ्यांकडे गेली होती. आता फोन वाजतात, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

पत्ते पुन्हा मराठीत न्यायचे का, हा प्रश्न आप्पांच्या मुलाने काढला होता. मी नको म्हटलं, कारण त्यात सगळी उलथापालथ पुन्हा आली. नवीन लेखांना मात्र दोन शब्दांचा मराठी पत्ता द्यावा असं माझं मत आहे. केळीला बसणाऱ्या थंडीच्या चरक्यावरच्या लेखाला मी ‘केळी-चरका’ सुचवलंय, त्र्याहत्तर चिन्हांत बसतो. मुलाचं म्हणणं, व्हॉट्सॲपवर टक्क्यांची माळ गेली की शेतकऱ्याला फसवणुकीची लिंक वाटते आणि तो उघडतच नाही. त्याचंही खोटं नाही. अजून ठरलेलं नाही.

मला जास्त छळतंय ते वेगळंच. त्या एजन्सीच्या यादीतल्या बाकीच्या साइट मी उघडून बघितल्या, मुद्दाम चुकीचे पत्ते टाकून. एक जिनिंगवाल्यांची, एक पापड-कुरडया विकणाऱ्या बायकांची. दोन्हीकडे मुखपृष्ठच उघडतं. एजन्सीला तपशिलासह कळवलं. “बघतो मॅडम,” एवढं उत्तर आलं. काल पुन्हा तपासलं, तो नियम तिथेच आहे. त्या बायकांचा नंबर साइटवर दिलेला आहे, पण ओळख ना पाळख, मी कोण म्हणून त्यांना फोन लावू?