'काल काय खाल्लंस?': पटलेलं आणि खटकलेलं

'किनो नानी ताबेता?', म्हणजे 'काल काय खाल्लंस?', ही टीव्ही टोकियोची २०१९ सालची बारा भागांची मालिका. वकील शिरो काकेई आणि सलूनमध्ये काम करणारा केन्जी याबुकी हे चाळिशीतलं जोडपं एका फ्लॅटमध्ये राहतं. कोणी बीएल (दोन पुरुषांमधल्या प्रेमकथांचा जपानी प्रकार) म्हणून सुचवली आणि त्या अपेक्षेने लावली, तर तिसऱ्या भागापर्यंत चुळबुळ सुरू होते. फुमी योशिनागांची मूळ मंगा, म्हणजे चित्रकथा, २००७ पासून 'मॉर्निंग' या पुरुषवाचकांच्या साप्ताहिकात येतेय, बीएल मासिकात नाही. इथे प्रेम कधीच जमून गेलंय. प्रश्न आहे तो महिन्याला २५,००० येनांत दोघांचं जेवण बसवायचा. आख्खं कलिंगड परवडत नाही म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईंबरोबर अर्धं अर्धं वाटून घ्यायचं, हे इथलं नाट्य.

संथपणा स्वयंपाकघरात मला मनापासून पटतो. पहिल्याच भागात शिरो सामन मासा आणि गोबो घालून भात लावतो. गोबो म्हणजे काठीसारखं लांब मूळ. पेन्सिलला टोक काढावं तसं फिरवत फिरवत ते तासायचं आणि लगेच पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं. राइस कुकरच्या भांड्यात धुतलेले तांदूळ, त्यावर आधी सोया सॉस आणि साके (तांदळाची जपानी दारू), मग खुणेपर्यंत पाणी. आधी खुणेपर्यंत पाणी भरून वरून सॉस ओतला तर भात गिचका होतो. मासा आणि गोबो वर नुसते पसरायचे. ढवळलं की मधले दाणे कच्चे राहतात. (बासमतीवर हा प्रयोग नको, दाणा आखूड आणि चिकट हवा.) भात होईस्तोवर पालेभाजी आणि तळलेला तोफू एका पातेल्यात, आणि परतायचं ते सगळ्यात शेवटी, म्हणजे ताटात गरम पडतं. हे सगळं करताना शिरो मनात बोलत असतो. ऑफिसातला राग सुरीबरोबर हळूहळू उतरतो आणि शेवटचा पदार्थ ताटात येईपर्यंत चेहरा निवळतो. हिदेतोशी निशिजिमा हे भुवईसुद्धा न हलवता दाखवतात. ही दृश्यं कापून भरभर उरकली असती तर मालिकेत काही उरलंच नसतं.

त्याच पहिल्या भागात भांडण आहे. जोडीदार वकील आहे हे केन्जीने गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणून शिरो भडकतो. केन्जी विचारतो, सलूनचे मालक आपल्या बायकोबद्दल बोलतात, मग मी माझ्या माणसाबद्दल का नाही बोलायचं? शिरोजवळ उत्तर नसतं. या एका प्रश्नासाठी मी बाकीचं बरंच माफ करते.

सगळं मात्र नाही. बाहेर शिरो चार हात लांब राहतो, ते त्याच्या भीतीचं आहे, समजतं. पण दार लावल्यावर? पडदे ओढलेल्या घरातसुद्धा शारीरिक जवळीक जवळजवळ दिसतच नाही. कोबी चिरण्याला जेवढा वेळ मिळतो त्याचा दहावा हिस्साही एकमेकांना जवळ घेण्याला मिळत नाही. तिथे हा शिरोचा संकोच वाटत नाही, मालिका करणाऱ्यांचा वाटतो. सेइयो उचिनोंचा केन्जीही सुरुवातीला हातवाऱ्यांनी जरा जास्तच रंगवलाय. घास तोंडात गेला की मात्र तो डोळे मिटून खातो, तेव्हा तक्रार विसरायला होते.

सगळ्यात खोल जागा मालिका फार पटकन ओलांडते. तेत्सुरो आणि योशियुकी हे ओळखीचं जोडपं शिरोकडे सल्ला मागायला येतं. तेत्सुरोला आपल्या कमाईतला एक येनही आईवडिलांकडे जाऊ द्यायचा नाही, सगळं योशियुकीला मिळायला हवं. नुसतं मृत्युपत्र पुरत नाही, कारण मूलबाळ नसेल आणि आईवडील हयात असतील तर जपानी कायद्याने एकतृतीयांशावर त्यांचा हक्क राखीव असतो. म्हणून दत्तकविधान. वयाने मोठा तो पालक, धाकटा तो मुलगा. मुलगा आला की आईवडील वारसांच्या रांगेतून बाहेर. पण यात एक गाठ आहे जी सुटत नाही. दत्तक घेणारा आणि दत्तक गेलेला यांना नंतर, ते नातं रद्द केलं तरी, एकमेकांशी लग्न करता येत नाही. म्हणजे उद्या समलिंगी विवाहाचा कायदा आला तरी या दोघांना दार बंदच. या गाठीवर आख्खा भाग हवा होता.

बघणार असाल तर पहिल्या सीझननंतर थेट २०२३ च्या दुसऱ्या सीझनवर उडी मारू नका. मध्ये २०२१ चा चित्रपट आहे. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात केन्जी नववर्षाला शिरोच्या आईवडिलांकडे जेवून येतो आणि आनंदाने रडतो. चित्रपटात शिरो त्याला क्योटोला नेतो, हवं ते खाऊ घालतो, इतका गोड वागतो की केन्जी धास्तावतो. मग कळतं, शिरोच्या आईवडिलांनी सांगितलंय, यापुढे नववर्षाला केन्जीला घेऊन येऊ नकोस.