गिअरच्या सायकलला मागचे कॅरिअर बसवताना

येळ्ळूरच्या शेतातली भाजी आणि कधीमधी तांदळाची पिशवी बेळगावात टिळकवाडीतल्या घरी सायकलवरूनच आणायची असल्याने मी माझ्या गिअरच्या सायकलसाठी ॲल्युमिनियमचे सुटे कॅरिअर घेतले. जुन्या काळ्या सायकलींच्या कॅरिअरचे पाय थेट मागच्या एक्सलच्या नटाखाली बसतात. माझे चाक क्विक रिलीजचे, म्हणजे नटाऐवजी खटक्याच्या दांडीने आवळायचे, असल्यामुळे ती सोय नव्हती, आणि जवळजवळ सारा भार फ्रेमच्या खालच्या टोकाशी असलेल्या एम५ (५ मिलिमीटर बोल्टच्या) आट्यांच्या दोन भोकांवर येणार होता.

त्या भोकांत कारखान्यातला रंग साचला होता. तशात बोल्ट जबरीने फिरवला तर आटे मरतात, म्हणून खडेबाजाराजवळच्या ओळखीच्या मिस्त्रीमामांकडून आधी आटे साफ करणारा टॅप फिरवून घेतला. “सगळे बोल्ट अगोदर नुसते धरवून ठेवा की, आवळायचं शेवटी,” हा त्यांचा सल्ला कॅरिअरसोबत आलेल्या चित्रांच्या कागदापेक्षा अधिक उपयोगी पडला, कारण एक बाजू आधी आवळली की दुसऱ्या बाजूची भोके समोरासमोर येत नाहीत.

खरी अडचण डाव्या बाजूला आली. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा भाग, नेमका कॅरिअरच्या पायाच्या वाटेत येत होता. पाय वाकवण्याचा मोह टाळून फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये १२ मिलिमीटरची धातूची नळी घातली आणि त्या हिशेबाने लांब बोल्ट वापरला. पाय फ्रेमपासून जितका दूर जाईल तितका बोल्टला वाकवणारा जोर वाढतो. त्यामुळे तेथे हलका ॲल्युमिनियमचा बोल्ट चालत नाही, ८.८ या ताकदीच्या प्रतीचा पोलादी बोल्टच हवा. तो आपल्याकडच्या पावसात गंजतो, हे खरे, पण डोक्यावर ग्रीसचे बोट फिरवले की निभावते.

उजवीकडे काळजी उलटी होती: बोल्टचे टोक आतून बाहेर आले, तर साखळी सर्वांत लहान चक्रावर उतरताच त्याला घासते. तेथे वायसर घालून टोक फ्रेमच्या आतल्या पृष्ठभागाशी बरोबर केले. वरच्या दोन पट्ट्या सीटखालच्या भोकांना जोडल्या, सपाट फरशीवर सायकल उभी धरून कॅरिअर आडवे समपातळीत आणले आणि मगच, आट्यांना बोल्ट सैल होऊ न देणारा निळा थ्रेडलॉकर लावून, ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने सगळे बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळले.

बाजूची पिशवी अडकवल्यावर पेडल मारताना टाच तिला लागत होती, म्हणून ती हाताच्या तीन बोटांइतकी मागे सरकवली. कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा कोरलेली आहे. मी मात्र पंधराच्या वर जात नाही, कारण ओझे एक्सलच्या मागे गेले की राजहंसगडाच्या चढावर पुढचे चाक हलके पडते. रेल्वे गेटचे रूळ ओलांडून आल्यावर खालचे दोन बोल्ट पुन्हा तपासले, ते जागचे हलले नव्हते. वरची एक पट्टी तेवढी पाव फेरा आवळावी लागली.