विंग अपडेट: मेश ओपनफोममध्ये गेला एकदाचा, आता ट्रेलिंग एज अडून बसलाय

मंडळी, झालं एकदाचं! विंगभोवती हवा कशी वाहते ते ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये काढायचंय, त्यासाठी हवेचे छोटे तुकडे पाडून (म्हणजे मेश करून) त्याला द्यायचे, आणि मागच्या अपडेटमध्ये गाडी तिथेच रुतली होती, ती सुटलीये. मेश बनवणाऱ्या जीमेशची फाईल ओपनफोमने घेतली आणि पॅराव्ह्यूमध्ये (मेश आणि निकाल चित्रात बघायचं सॉफ्टवेअर) विंगभोवतीची हवा मधोमध कापून बघितली तर आत सगळीकडे टेट्रा (चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे) भरलेले, इतकं भारी वाटलं काय सांगू.

अडचण नीट सांगतो, कारण नवीन माणूस इथे हमखास अडकणार. जीमेशमध्ये थ्रीडी मेश मस्त दिसत होता, एमएसएच (जीमेशची मेश फाईल) व्हर्जन पण २.२ ठेवलेलं (डिफॉल्ट ४.१ माझ्याकडच्या जीमेशटूफोमला, म्हणजे ती फाईल ओपनफोमसाठी बदलणाऱ्या कमांडला, झेपत नाही), तरी कन्व्हर्ट करायला गेलं की एकच रड: फाईलमध्ये सेल्सच (थ्रीडी तुकडेच) नाहीत, थ्रीडी एलिमेंट्स एक्स्पोर्ट केलेत का बघा. अरे समोर ढीगभर टेट्रा दिसतायत की! बरं, 'सेव्ह ऑल' चालू केलं तर सेल्स यायचे पण इनलेट, आउटलेट, विंग ही नावंच गायब, मग बाउंडरी कंडिशन (कुठल्या कडेला हवा कशी वागेल ते) लावायची कुणाला?

शेवटी एमएसएच फाईल सरळ टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. एलिमेंट्सच्या भागात प्रत्येक ओळीत पहिला एलिमेंटचा नंबर आणि दुसरा त्याचा प्रकार, २ म्हणजे त्रिकोण, ४ म्हणजे टेट्रा. खाली खाली जात राहिलो तर दुसऱ्या जागी नुसते २, २, २, पार शेवटच्या ओळीपर्यंत एकही ४ नाही. तिथे ट्यूब पेटली. जीमेशमध्ये एकदा का कुठलाही फिजिकल ग्रुप (नाव दिलेला सरफेस किंवा व्हॉल्यूमचा गट) दिला की त्या ग्रुपमधलेच एलिमेंट्स सेव्ह होतात, बाकीचे सोडून दिले जातात. टूडीमध्ये सरफेस हाच डोमेन असतो म्हणून तिथे हे जाणवत नाही, थ्रीडीमध्ये मात्र फिजिकल सरफेससोबत फिजिकल व्हॉल्यूम पण द्यावाच लागतो. जिओ फाईलमध्ये (जीमेशला आकार आणि सूचना लिहून देतो ती) हवेच्या व्हॉल्यूमला नाव देणारी एक ओळ वाढवली, सेव्ह ऑल बंद केलं, आणि सगळे पॅच (इनलेट, विंग वगैरे कडेचे भाग) नावासकट पोचले. एका ओळीचं काम होतं हो!

बाकी किरकोळ. विंगची स्टेप फाईल (कॅडमधला आकार) मिलिमीटरमधली, त्यामुळे चेकमेशच्या (ओपनफोमची मेश तपासणारी कमांड) बाउंडिंग बॉक्समध्ये विंग १८० मीटरची निघाली, ट्रान्सफॉर्मपॉइंट्सने ०.००१ ने स्केल केली. आणि कन्व्हर्ट झाल्यावर सगळ्याच बाउंडरी 'पॅच' म्हणून येतात, विंगला 'वॉल' हाताने करावं लागतं, हे विसरू नका.

मेशआयओ (मेशचे फॉरमॅट बदलणारी पायथन लायब्ररी) पण लावून बघितलं, एक्सडीएमएफ किंवा व्हीटीके फॉरमॅट हवा असेल तर त्याच्यासारखं सुटसुटीत काही नाही, पण ते पॉलीमेश (ओपनफोमचा स्वतःचा मेश फॉरमॅट) लिहीत नाही त्यामुळे इथे उपयोग नाही. जीमेशचा जीयूआय फक्त बघायला ठेवा, काम जिओ फाईलमध्येच करा असं माझं ठाम मत झालंय. फक्त एक कटकट, बॉक्समधून विंग बूलियनने वजा केली की सरफेसचे नंबर बदलतात आणि फिजिकल ग्रुप भलत्याच भिंतीला चिकटतो. परत नंबर शोधून टाकणार होतो, पण हे लिहिताना सुचलं की 'सरफेस इन बाउंडिंग बॉक्स' वापरून जागेवरूनच सरफेस निवडता येतील, मग विंगचा अँगल बदलला तरी इनलेट तो इनलेटच राहील. आज रात्री आधी हेच करतो.

आता मदत हवीये ती इथे. चेकमेश ७० अंशांच्या वरचे नॉन-ऑर्थोगोनल फेसेस (शेजारच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या रेषेला फार तिरक्या पडलेल्या बाजू) दाखवतंय, आणि ते सगळे ट्रेलिंग एजपाशी, म्हणजे विंगच्या मागच्या कडेला, जिथे विंग अगदी धारेसारखी पातळ होते. जीमेशमधलं नेटजेन ऑप्टिमाइझ (मेश सुधारायचा पर्याय) चालू करून थोडे कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. जीमेशच्या डिस्टन्स आणि थ्रेशोल्ड फील्डने (अंतरानुसार तुकड्यांचा आकार ठरवणारे) तिथे मेश अजून बारीक करू, का ट्रेलिंग एजच किंचित बोथट करून घेऊ? का या आकाराला सरळ ओपनफोमचंच स्नॅपीहेक्समेश (ठोकळ्यांचा मेश बनवणारं) बरं पडेल? कुणी पातळ धारेचा मेश केला असेल तर तुमची जिओ फाईल दाखवा प्लीज, निदान साइझ फील्डचा तेवढा भाग तरी.